दुसरी शिक्षा
(ज्युबिली महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान आपण आम्हांस दिलात आणि विषयाची निवडही आमच्याच मर्जीवर सोपविलीत, ह्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आमच्या आधीच्या वक्त्यांपैकी कोणी देवळाच्या उभारणीचा इतिहास सांगितला, कोणी पूर्वीच्या धर्मगुरूंच्या कष्टांचे स्मरण करून दिले. त्यांच्या पंक्तीस बसून आम्ही मात्र एका कादंबरीविषयी बोलणार आहोत. आणि तीही कशी, तर तुरुंगातून सुटून आलेल्या एका इसमावर खुनाचा संशय येतो, अशी. देवळाच्या मांडवात खुनाची कथा कशाला, असे वडीलधाऱ्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्यांस आमची एवढीच विनंती की, त्यांनी शेवटपर्यंत ऐकावे आणि मग हवा तर आम्हांस दोष द्यावा.

कादंबरीचे नाव 'ले मिझेराब्ल' आणि तिचा कर्ता व्हिक्टर ह्यूगो. ती १८६२ साली प्रसिद्ध झाली, त्या वेळी ग्रंथकर्ता स्वदेशातून परागंदा होऊन गर्न्सी बेटावर राहत होता. मुख्य कथानक १८१५ ते १८३३ ह्या काळातले आहे. म्हणजे लिहिणाऱ्याच्या दृष्टीनेही ती मागच्या पिढीची कथा होती. साने गुरुजींनी 'दुःखी' ह्या नावाने ती मराठीत आणली. गुरुजींनी देशासाठी तुरुंगवास सोसला होता. बंदिवासाचे दार बाहेरून कसे दिसते आणि आतून कसे, हे त्यांस ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. १८६४ साली ह्या कादंबरीचे नाव रोम येथील वर्ज्य ग्रंथांच्या सूचीत घातले गेले होते. ती सूचीच पुढे १९६६ साली रद्द झाली. ग्रंथकर्त्याची सर्वच मते आम्हांस मान्य आहेत असे नाही. तथापि जे पुस्तक एका बिशपच्या घरापासून सुरू होते आणि ज्याच्या नायकाचे प्राण त्याच बिशपने दिलेल्या शमादानांच्या उजेडात जातात, त्या पुस्तकाशी ख्रिस्ती वाचकाने परकेपणाने वागावे असे आम्हांस वाटत नाही.

आता कथेकडे वळू. बहुतेकांस तिचा पूर्वार्ध ठाऊक असतो. जाँ व्हाल्जाँ हा झाडांची छाटणी करून पोट भरणारा मजूर. विधवा बहिणीची सात मुले घरात उपाशी. १७९५ च्या हिवाळ्यात त्याने भट्टीवाल्याच्या दुकानाची काच फोडून एक पाव उचलला. शिक्षा पाच वर्षांची झाली. ती तुलाँ बंदरातील सक्तमजुरीच्या तुरुंगात भोगीत असता त्याने पुनःपुन्हा पळून जाण्याचा यत्न केला, म्हणून चौदा वर्षांची भर पडली. एकंदर एकोणीस वर्षे भोगून १८१५ च्या ऑक्टोबरात तो सुटला. हाती एकोणीस वर्षांच्या मजुरीचे एकशे नऊ फ्रँक आणि पंधरा सू एवढे पैसे आणि एक पिवळा दाखला. हा दाखला जाईल त्या गावी दाखवावा लागे आणि तो पाहताच कळे की, हा सुटलेला बंदी आहे. दीन्य गावी खाणावळवाल्याने त्यास हाकलले, दुसऱ्या गुत्तेवाल्याने हाकलले, निवाऱ्यासाठी त्याने तुरुंगाचे दार ठोठावले तर तेही उघडले नाही. श्रमाने थकून तो एका खोपटात शिरला, तो ते कुत्र्याचे निघाले आणि कुत्र्यानेही त्यास बाहेर काढले. शेवटी एका बाईने बोट दाखविले, त्या दारी तो गेला. ते बिशप मिरिएल ह्यांचे घर होते.

पुढचा प्रसंग आपल्या प्रवचनांतून अनेकदा येतो. बिशपांनी त्यास जेवू घातले, पांढऱ्याशुभ्र बिछान्यावर निजविले. रात्री तो चांदीची भांडी घेऊन पळाला. सकाळी शिपायांनी त्यास धरून आणले. बिशप म्हणाले की, ही भांडी आम्हीच दिली आहेत, आणि शमादाने तेवढी न्यायची राहिली, तीही घेऊन जा. ह्या बिशपचे चित्र ह्यूगोने अगदीच कल्पनेने रंगविले नाही. त्या काळी दीन्य येथे मिओलिस नावाचे बिशप खरोखरच होते, आणि त्यांच्यावरून हे पात्र घेतले असे मानले जाते.

येथवर आपण सर्वजण बिशपच्या बाजूचे असतो. हा प्रसंग ऐकून ज्याचे डोळे पाणावत नाहीत असा मनुष्य विरळा. परंतु आज आम्ही ह्या प्रसंगासाठी उभे राहिलेलो नाही. ह्या कादंबरीच्या शेवटी एक खटला चालतो, न्यायाधीश नाही, वकील नाही असा. त्या खटल्यात आपण सर्वांनी घटकाभर पंच होऊन बसावे अशी आमची विनंती आहे. त्यासाठी मधली बरीच वर्षे आम्ही तूर्त बाजूस ठेवतो. आरोप करणारास जेवढे ठाऊक होते, तेवढेच आपणांस सांगतो.

आरोप करणारा मारियस नावाचा तरुण. तो वाईट नव्हे, हे प्रथमच सांगून ठेवू. शूर सैनिकाचा पुत्र, वकिलीची परीक्षा उतरलेला, गरिबीत मान ताठ ठेवून राहिलेला. १८३२ च्या जून महिन्यात पॅरिसमध्ये बंड झाले, तेव्हा तो एका गल्लीतील मोर्चावर लढण्यास उभा राहिला. बंडवाल्यांनी झावेर नावाच्या एका पोलीस अंमलदारास हेर म्हणून पकडून खांबास बांधले होते. तेथे एक पांढऱ्या केसांचा म्हातारा आला. झावेरला मारण्याचे काम माझ्याकडे द्यावे, असे त्याने मागून घेतले. हात बांधलेल्या झावेरला घेऊन तो कोपऱ्याआड गेला. पिस्तुलाचा एक बार झाला. म्हातारा परत येऊन म्हणाला की, काम झाले. हे मारियसने स्वतः पाहिले आणि ऐकले. पुढे मारियस गोळी लागून बेशुद्ध पडला. कोणा अज्ञात मनुष्याने त्यास तेथून उचलून त्याच्या आजोबांच्या घरी पोचविले. आपला प्राणदाता कोण, ह्याचा त्याने पुष्कळ शोध केला, पण पत्ता लागला नाही. त्या दिवसाचा रक्ताने माखलेला काळा कोट त्याने कपाटात जपून ठेवला. त्या कोटाच्या एका पदराचा तुकडा फाटून नाहीसा झाला होता. तो कसा गेला हे कोणालाच उमगले नाही.

१८३३ च्या फेब्रुवारीत मारियसचे कोझेत ह्या मुलीशी लग्न झाले. तिचा सांभाळ करणारा तोच म्हातारा. त्याने मुलीस जवळजवळ सहा लक्ष फ्रँक दिले. लग्नाच्या दुसऱ्याच सकाळी तो मारियसकडे आला आणि कोणीही विचारले नसता म्हणाला की, मी कोझेतचा बाप नव्हे. मी तुरुंगातून पळालेला जाँ व्हाल्जाँ आहे. मारियसने इकडेतिकडे चौकशी केली. तीत त्यास कळले की, पूर्वी मादलेन नावाचा एक धनाढ्य कारखानदार आणि नगराध्यक्ष होता, तो अकस्मात नाहीसा झाला, आणि त्याचे पेढीवरचे सहा लक्षांहून अधिक फ्रँक एका सुटलेल्या बंद्याने काढून नेले.

पंचमंडळी, आता आपण न्याय करावा. मनुष्य तुरुंगातील आहे. हे त्याने स्वतः कबूल केले आहे. हातपाय बांधलेल्या अंमलदारास तो आडोशाला घेऊन गेला आणि बार झाला. हे साक्षीदाराने पाहिले आहे. मादलेनची रक्कम गेली आणि नेमकी तेवढीच ह्याच्याजवळ निघाली. हा हिशेब जुळतो आहे. चोर आणि खुनी, असा निकाल मारियसने मनातल्या मनात दिला. आम्ही तरुणपणी हे पुस्तक वाचले, तेव्हा खरे सांगावयाचे तर आम्हांसही त्याचे काही चुकले असे वाटले नव्हते.

निकाल दिल्यावर त्याची बजावणी सुरू झाली. ती अगदी सभ्यपणे झाली. म्हातारा मुलीच्या मायेने व्याकुळ होई, म्हणून त्यास संध्याकाळी भेटीस येण्याची परवानगी दिली. पण वरच्या दिवाणखान्यात नव्हे, तळघरासारख्या ओलसर खोलीत. आरंभी तेथे शेकोटी पेटविलेली असे. काही दिवसांनी ती पेटेनाशी झाली. मग खुर्च्या दाराजवळ सरकल्या. एक दिवस खुर्च्याच नाहीशा झाल्या. कोणी त्यास येऊ नको म्हटले नाही. कोणी अपशब्द बोलले नाही. त्या रकमेतील पैसाही मारियस वापरीना. तो पापाचा पैसा असे त्यास वाटे. म्हातारा काय समजायचे ते समजला. तो येईनासा झाला. रोज घरातून निघे, त्या घराच्या दिशेने चालू लागे आणि वाटेतूनच परत फिरे. दिवसेंदिवस ती वाट आखूड होत गेली आणि शेवटी तो अंथरुणास खिळला.

आता पडदा उघडतो, आणि तो उघडणारा पाहा कोण! तेनार्दिए नावाचा एक अट्टल लुच्चा. खोटे नाव आणि खोटा वेष घेऊन तो मारियसकडे आला, आपल्या सासऱ्याचे एक गुपित विकत घ्यावे म्हणून. मारियस म्हणाला की, तुझे गुपित मला ठाऊक आहे. त्याने मादलेनला लुबाडले आणि झावेरला ठार मारले. तेव्हा त्या लुच्चाने दोन जुनी वर्तमानपत्रे काढून पुढे ठेवली. पहिल्यात होते की, नगराध्यक्ष मादलेन हाच जाँ व्हाल्जाँ. म्हणजे ज्याने लुबाडले आणि ज्यास लुबाडले ते दोघेही एकच, आणि पैसा त्याच्या स्वतःच्या घामाचा! दुसऱ्यात होते की, झावेरने सेन नदीत आत्महत्या केली, आणि मरण्यापूर्वी त्याने वरिष्ठांस कळविले होते की, बंडवाल्यांपैकी एकाने पिस्तूल हवेत झाडून आपणास जीवदान दिले. कोपऱ्याआडचा तो बार असा आकाशात गेला होता.

पण तेनार्दिए तेवढ्यावर थांबला नाही. विकावयाचा माल त्याच्याजवळ निराळाच होता. तो म्हणाला, बंडाच्या त्या दिवशी पॅरिसच्या गटारांच्या भुयारात मी ह्या इसमास पाठीवर प्रेत घेऊन जाताना पाहिले आहे. कोणा श्रीमंत तरुणास मारून तो त्यास नदीत टाकावयास नेत होता. पुरावा म्हणून मी त्या प्रेताच्या कोटाचा तुकडा फाडून ठेवला आहे. असे म्हणून त्याने तो रक्ताळलेला तुकडा पुढे केला. मारियसचे तोंड पांढरे फटक पडले. त्याने कपाट उघडले, तो जुना काळा कोट जमिनीवर टाकला आणि तुकडा फाटक्या जागी लावला. तो तंतोतंत बसला. ते 'प्रेत' मारियस स्वतःच होता! ज्यास तो खुनी समजत होता, त्याने त्यास पाठीवर घेऊन गळ्याइतक्या घाणीतून बाहेर काढले होते.

बंधुभगिनींनो, रहस्यकथा आपण पुष्कळ वाचतो. तीत पुरावा सापडतो आणि सज्जन दिसणारा इसम अपराधी ठरतो. येथे पुरावा सापडतो आणि अपराधी दिसणारा इसम साधू ठरतो. अधिक चमत्कारिक गोष्ट ही की, सत्य आणून देणारा मनुष्य वाईट, आणि त्यास दाराबाहेर ठेवणारा मनुष्य चांगला. तेनार्दिए लोभाने आला नसता, तर तो चांगला मनुष्य त्या निर्दोष म्हाताऱ्याच्या मरणानंतरही त्यास खुनीच समजत राहिला असता आणि रात्री सुखाने निजला असता.

मग मारियसचे चुकले कोठे? त्यास संशय आला ही चूक नव्हे. जे डोळ्यांस दिसले त्यावरून कोणासही संशय आला असता. चूक ही की, त्याने एक प्रश्न विचारला नाही. झावेरचे काय झाले? पैसा कोठला? हे दोन प्रश्न, समोर बसून, माणसाने माणसास विचारावयाचे. तो वकील होता. प्रश्न विचारणे हा त्याचा धंदा. परंतु उत्तराची त्यास भीती वाटली. घराची अब्रू जाईल, बायकोस कळेल, काहीतरी भयंकर बाहेर पडेल, असे त्यास वाटले. म्हणून त्याने विचारण्याऐवजी खुर्च्या हलविल्या.

आणि व्हाल्जाँने तरी का सांगितले नाही? त्याच्या आयुष्यात तो दोनदा आपण होऊन बोलला. पहिल्याने १८२३ साली आरास येथील न्यायालयात. व्हाल्जाँ समजून एका भलत्याच गरीब म्हाताऱ्यास शिक्षा होत होती, तेव्हा नगराध्यक्षाच्या सन्मानाने बसलेला हा मनुष्य उभा राहिला आणि खरा व्हाल्जाँ मीच, असे म्हणाला. त्याबद्दल त्यास देहान्ताची शिक्षा झाली. राजाच्या दयेने ती जन्मठेपेवर आली. दुसऱ्याने तो बोलला मारियसपाशी. दोन्ही वेळा त्याने फक्त आपले पाप सांगितले, पुण्य सांगितले नाही. आपणांस पापनिवेदनाची सवय आहे. आपण जाणतो की, पापनिवेदनात मनुष्य आपली सत्कृत्ये मोजून दाखवीत नाही. ज्याने ऐकावयाचे त्याने मात्र लक्षात ठेवले पाहिजे की, कबुलीत मनुष्याचे अर्धेच आयुष्य असते.

ह्या कथेस आम्ही 'दुसरी शिक्षा' असे नाव दिले, ते ह्याचसाठी. पहिली शिक्षा सरकार देते. तिला कलम असते, मुदत असते, वर अपील असते. दुसरी शिक्षा शेजारीपाजारी देतात. तिला कलम नाही, मुदत नाही, आणि अपील करावे तर कोणापुढे?

हा पिवळा दाखला केवळ फ्रान्स देशातच होता असे समजू नये. आपल्याच देशात १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. त्यांतील माणसांस पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. सोलापुरास तर तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु कागद फाटला म्हणून नजर बदलतेच असे नाही. गावात चोरी झाली की पहिली झडती कोणाच्या पालात होते, हे आपणांस सांगावयास नको.

दुसऱ्यांचे कशाला, आमचेच सांगतो. आमच्या लहानपणी आमच्या गावी एक गृहस्थ जमिनीच्या तंट्यातील मारामारीपायी तुरुंगवास भोगून परत आला. रविवारी मिस्सेला तो दारापाशी, शेवटच्या बाकावर बसे. त्या बाकावर दुसरे कोणी बसत नसे. त्यास कोणी मज्जाव केला होता असे नाही. बाक आपोआप रिकामे राही. पुढे शेजारच्या घरी लग्न निघाले आणि त्या गडबडीत सोन्याची माळ नाहीशी झाली. कोणी त्याचे नाव घेतले नाही. सगळ्यांनी नुसते त्याच्या घराकडे पाहिले. आम्ही शाळकरी होतो. आमच्याही डोळ्यांनी तिकडेच पाहिले, हे आज ह्या सभेत कबूल करतो. आठवड्याभराने माळ तांदळाच्या कणगीत सापडली. घरच्या आजीबाईंनीच चोराच्या भीतीने ती तेथे लपविली होती आणि त्या विसरल्या होत्या. गावात हसू झाले. परंतु त्याच्या घरी जाऊन, बाबा, माळ सापडली, एवढे सांगावयास कोणी गेले नाही. सांगणार कसे? आरोपच केला नव्हता, तर तो मागे कसा घेणार! त्या पावसाळ्याआधी तो बायकामुलांसह मुंबईस निघून गेला, तो पुन्हा गावी आला नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी हे पुस्तक पुन्हा हाती घेतले आणि त्या नाहीशा झालेल्या खुर्च्यांपाशी येऊन थांबलो, तेव्हा आम्हांस ते रिकामे बाक आठवले. तेव्हापासून बिशप मिरिएलचा प्रसंग वाचताना पूर्वीसारखे नुसते बरे वाटत नाही. बिशपचे कौतुक करणे सोपे आहे; आपण मारियसच्या घरात राहतो, ही अडचण आहे.

बंदिवानांचा समाचार घेणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक आहे, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले आहे. तुरुंगात जाऊन भेट घेणारे धर्मगुरू, धर्मभगिनी आणि सेवाभावी मंडळी आहेत. त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु तुरुंगाच्या दाराबाहेर पडलेल्या माणसाचे काय? तो जेथे जातो ते गाव आपले असते, ते देऊळ आपले असते, ते बाक आपले असते. तेथे त्याचा समाचार घेण्यास कोणी बाहेरून येणार नाही.

म्हणून ह्या ज्युबिलीच्या वर्षी आम्ही आपणांपुढे फार मोठी योजना मांडीत नाही. निधी नको, समिती नको. तीन साध्या गोष्टी पुरेत. कोणी शिक्षा भोगून परत आला, तर पहिल्या रविवारी आपल्यापैकी एकाने सहकुटुंब त्याच्या बाकावर जाऊन बसावे. त्याच्याविषयी काही शंका असेल, तर ती चार ठिकाणी न बोलता त्यालाच विचारावी आणि उत्तर पुरे होईपर्यंत ऐकावे. आणि शंका खोटी निघाली, तर ज्या पायांनी आपण त्याच्यापासून दूर गेलो, त्याच पायांनी त्याच्या दारी जाऊन तसे सांगावे. ह्या तिन्हींत तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

मारियस तेवढे तरी करू शकला. तो कोझेतला घेऊन धावत त्या म्हाताऱ्याच्या खोलीवर गेला आणि त्याच्या पायांशी बसून रडला. पण तोपर्यंत म्हाताऱ्याचे दिवस भरले होते. मरणाऱ्याने एका शब्दाने दोष दिला नाही. उलट तुझे वागणे योग्यच होते, असे म्हणून त्याचे सांत्वन केले. उशाशी बिशपची दोन शमादाने जळत होती.

आपल्या गावचा तो गृहस्थ कोठे आहे, आहे की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. त्याच्या दारी जाण्याची आमची वेळ टळून गेली. आपली अद्याप टळलेली नाही. परमेश्वर आपणां सर्वांस ती साधण्याची बुद्धी देवो, आणि ह्या देवळातील एकही बाक केवळ कोणी तेथे बसला आहे म्हणून रिकामे न राहो, एवढीच ह्या ज्युबिलीच्या दिवशी आमची प्रार्थना आहे.